पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन: पायडल मारण्याआधीचे आठ महिने

335 भागिले 5 बरोबर 67. आमच्या सायकल सहलीचं नियोजन फेब्रुवारीतल्या एका रविवारी या भागाकाराने सुरू झालं, आणि पुढचे आठ महिने मी तो खोडत बसले होते.

भागाकार माझ्या धाकट्या दिरांचा. "वहिनी, रोजचे सदुसष्ट मैल. सपाट वाट, एकही मोटार नाही. पाच दिवसांत वॉशिंग्टन!" फोनवरचा त्यांचा आवाज इतका निःशंक होता की मी मुकाट्याने एक्सेलमध्ये पाच ओळी आखल्या. भाऊजींचं ठीक आहे. ते रविवारी सकाळी ऐंशी मैल मारून येतात आणि दुपारी अंगणातलं गवत कापतात. माझा एका दिवसाचा उच्चांक तेव्हा 32 मैल होता. नवऱ्याचा त्याहून कमी, कारण तो मधेच पक्षी बघत थांबतो.

नकाशावर एकच रेघ दिसते, पण या मुळात दोन वाटा आहेत. पिट्सबर्गपासून कंबरलंडपर्यंत 150 मैलांची ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज. सगळे तिला नुसतं 'गॅप' म्हणतात. कंबरलंडपासून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागापर्यंत 184.5 मैलांची सी अँड ओ, म्हणजे चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठची वाट. दोन्ही मिळून सव्वापाचशे किलोमीटरच्या थोडं वर. दोन्हीकडे मोटारींना बंदी आणि दोन्हीकडे प्रवेश फुकट. त्यामुळे दोघींना एकाच मापाने मोजायचा मोह होतो. आमची पहिली चूक तीच.

गॅप ही जुन्या रेल्वेची वाट आहे. रूळ उखडले आणि त्या जागी चुनखडीची बारीक कच दाबून बसवली. आगगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे डोंगर असूनही चढ इतका मंद की डोळ्यांना कळतच नाही, फक्त मांड्यांना कळतो. सी अँड ओची वाट खेचरांची. कालव्यातल्या बोटी खेचरं काठावरून ओढायची आणि त्यांच्या पायांखालची ती माती अजून मातीच आहे. काही टप्प्यांवर अलीकडे नवी खडी पडली आहे, पण उरलेल्या ठिकाणी झाडांची मुळं, खड्डे, आणि पाऊस पडून गेला असेल तर दोन दोन दिवस न वाळणारा चिखल. कालवा कंबरलंडपासून समुद्रसपाटीपर्यंत 605 फूट उतरतो, 74 लॉकमधून. लॉक म्हणजे पाण्याची पातळी खालीवर करून बोट पुढे सोडणारे दगडी हौद. कागदावर हा सगळा उतार. प्रत्यक्षात 184 मैलांत 605 फूट म्हणजे सपाटच, आणि सपाट वाटेवर पाय एक क्षणही मोकळे सुटत नाहीत. उतारावर पायडल थांबवून मान वळवता येते, पाठ ताणता येते. इथे ती सोय नाही.

या कालव्याचा इतिहास मी नियोजनाच्या नावाखाली रात्री दीड-दीडपर्यंत वाचत असे. 4 जुलै 1828 ला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी पहिली कुदळ मारायला घेतली तर ती झाडाच्या मुळावर अडली. शेवटी कोट काढून जोर लावावा लागला. त्याच दिवशी बाल्टिमोरला बी अँड ओ रेल्वेचाही शुभारंभ झाला. रेल्वे कंबरलंडला पोचली 1842 मध्ये, कालवा 1850 मध्ये. त्याला ओहायो नदी गाठायची होती, पण तो तिथेच थांबला. 1924 च्या पुरानंतर वाहतूक कायमची बंद झाली. पुढे त्यावर मोटाररस्ता करायचं घाटत होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी जानेवारी 1954 मध्ये वर्तमानपत्राच्या संपादकांना आव्हान दिलं: माझ्याबरोबर ही वाट चालून बघा. मार्चमध्ये निघून आठ दिवसांत ते जॉर्जटाउनला पोचले. 1971 मध्ये कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला.

"बघा वहिनी, पंचावन्न वर्षांच्या माणसाने चालत आठ दिवसांत केलं."

"भाऊजी, त्या निघालेल्यांतले नऊच जण सगळं अंतर चालले, तेही वाचा."

त्या संध्याकाळी पाचाचे सात दिवस झाले. तक्त्याला दोन ओळी वाढल्या आणि भाऊजींनी अर्धा तास फोन केला नाही.

मग प्रश्न आला दिशेचा. गॅपवरचा सगळ्यात उंच ठिपका म्हणजे ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड, 2,392 फूट. तिथून पश्चिमेचं पाणी मेक्सिकोच्या आखातात जातं आणि पूर्वेचं अटलांटिकला. हा ठिपका कंबरलंडपासून जेमतेम 24 मैलांवर आहे. वॉशिंग्टनकडून आलं तर या 24 मैलांत साधारण पावणेदोन हजार फूट चढायचं. पिट्सबर्गकडून आलं तर जवळपास तेवढीच उंची सव्वाशे मैलांत वाटून मिळते, आणि ते 24 मैल बक्षिसासारखे उतारावर येतात. यावर घरात कुणाचंच दुमत नव्हतं. माझ्या आठवणीत आठ महिन्यांत एकमताने झालेला हा एकच निर्णय.

पण त्यापेक्षा मोलाचा निर्णय रेल्वेचा होता, आणि तो मला उशिरा सुचला. सुरुवातीला आम्ही धरून चाललो होतो की गाडीने पिट्सबर्गला जायचं, सायकलने वॉशिंग्टन गाठायचं आणि मग रेल्वेने पिट्सबर्गला परतून गाडी घ्यायची. याचा अर्थ सातव्या दिवशी एका ठरावीक वेळेला, ठरावीक फलाटावर, सायकलींसकट हजर राहायचं. एक ट्यूब फुटली, एक दिवस पाऊस लागला की सगळं कोसळणार. एका पहाटे हे उलटं करायचं डोक्यात आलं: गाडी वॉशिंग्टनजवळ ठेवायची, रेल्वेने आधीच पिट्सबर्गला जायचं आणि सायकलने गाडीकडे परत यायचं. मग शेवटी कुणीच वाट बघत नसतं. एक दिवस जास्त लागला तर लागला. अ‍ॅमट्रॅकच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या प्रवासी रेल्वेच्या, गाडीत सायकल न खोलता, अख्खीच्या अख्खी चढवता येते, मात्र तिची जागा वेगळी राखून ठेवावी लागते आणि जागा मोजक्याच असतात. तीन सायकलींना एकाच दिवशी जागा मिळणं हे तिघांच्या रजा जुळवण्यापेक्षा अवघड निघालं. म्हणून आधी सायकलींची तारीख, मग माणसांची. एक तोटा मात्र आहे: दुपारी वॉशिंग्टनहून निघालेली आगगाडी पिट्सबर्गला मध्यरात्रीच्या सुमारास उतरवते. त्या रात्रीची खोली स्टेशनजवळच हवी, हे मी तक्त्यात लाल रंगात लिहिलं.

ऋतूचा निर्णय डोंगरातल्या एका बोगद्याने घेतला. डिव्हाइड ओलांडली की लगेच बिग सॅव्हेज बोगदा लागतो, जवळपास 3,300 फुटांचा. आत पाणी झिरपतं, ते गोठून अस्तर फुटू नये म्हणून हिवाळ्यात त्याची दोन्ही तोंडं दारं लावून बंद करतात. म्हणजे डिसेंबर ते मार्च हा विषयच नाही. वसंतात पोटोमॅक नदीला पूर येऊन कालव्याची वाट पाण्याखाली जाऊ शकते. उन्हाळ्यात दमट उकाडा आणि डास. उरला ऑक्टोबर. दिवस लहान होतो, साडेअकरा तासांचा उजेड, पण हवा कोरडी आणि पाण्याचे पंप अजून चालू. पानांचा रंग आम्ही विचारात घेतला नव्हता. तो बाकीच्या सगळ्या जगाने घेतला होता, हे मुक्कामाच्या खोल्या शोधताना कळलं.

आणि इथे भागाकार खऱ्या अर्थाने मोडला.

मी प्रत्येक ओळीपुढे मैल लिहून ठेवले होते आणि मग त्या मैलावर कुठे झोपायचं ते शोधत होते. सात दिवसांच्या भागाकाराने अठ्ठेचाळिसाव्या मैलावर झाडी. शहाण्णवाव्या मैलावर परत झाडी. गावं आपल्या भागाकाराप्रमाणे वसलेली नसतात. जी गावं होती तिथल्या पाच-सहा खोल्यांच्या घरगुती लॉजमध्ये शनिवारची जागा जूनमध्येच संपली होती. तीन रात्री यात घालवल्यावर मी तक्त्यातला मैलांचा स्तंभ उचलून सगळ्यात उजवीकडे टाकला. पहिला स्तंभ 'झोप', दुसरा 'पाणी', तिसरा 'सुटका', आणि चौथा मैल. आधी झोपायच्या जागा टाचणीसारख्या टोचल्या आणि मग त्यांच्यामधलं अंतर मोजलं. आलेले आकडे असे: पिट्सबर्ग ते कॉनेल्सव्हिल 61, तिथून रॉकवुड 45, कंबरलंड 44, लिटल ऑर्लीन्स 44, विल्यम्सपोर्ट 41, ब्रन्सविक 45, आणि शेवटचे 55. बेरीज 335 च. पण आता प्रत्येक आकड्याच्या टोकाला उशी किंवा तंबू होता.

ब्रन्सविक हे नाव वाचून कुणालाही वाटेल, हार्पर्स फेरी सोडून तिथे का? आमचंही आधी हार्पर्स फेरीच ठरलं होतं. दोन नद्यांचा संगम, जॉन ब्राउनचा गुलामगिरीविरुद्धचा 1859 चा उठाव, अ‍ॅपलेशियन ट्रेल या लांबलचक पायवाटेवरचं गाव. नवऱ्याला तिथे अख्खा दिवस हवा होता. पण कालव्याची वाट नदीच्या एका काठाला आणि गाव दुसऱ्या. मधे रेल्वेच्या पुलाला जोडलेली पायवाट, आणि तिच्यावर चढायला गोल वळणाचा लोखंडी जिना. सामान लादलेली सायकल खांद्यावर घेऊन. बॅगा काढा, वर न्या, खाली या, सायकल वर न्या, गुणिले तीन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेच उलट. नकाशावर हे अंतर शून्य मैल दिसतं! तेव्हापासून मी गावाचं नाव बघितलं की आधी ते वाटेच्या पातळीवर आहे का ते बघू लागले. फ्रॉस्टबर्गही तसंच, वाटेच्या वर डोंगरावर बसलेलं. हार्पर्स फेरीला सायकली खाली कुलूप लावून दोन तास फिरून यायचं आणि सहा मैल पुढे ब्रन्सविकला झोपायचं, असा तह झाला. तसाच एक तह गॅपवरच्या ओहायोपाइल गावी करावा लागला. तिथून चारेक मैलांवर वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने धबधब्यावर बांधलेलं फॉलिंगवॉटर हे घर आहे. पण ते चार मैल चढाच्या, मोटारींच्या रस्त्यावरचे, तिकीट आधी काढलेलं हवं, आणि वेळ गाठायची घाई. मला ते घर बघायची बरीच वर्षं इच्छा आहे. खोडलं. ते मोटारीने जाऊन बघता येईल.

तंबूची रात्र फक्त एकच ठेवली, लिटल ऑर्लीन्सची. सी अँड ओच्या काठाने दर पाच-सात मैलांवर 'हायकर-बायकर' मुक्कामाच्या जागा आहेत: फुकट, आधी येईल त्याची, एका जागी एकच रात्र. एक टेबल, शेकोटीचं कडं, तात्पुरतं संडास आणि हातपंप. पंपाच्या पाण्यात आयोडीन घातलेलं असतं, त्याला चव येते. पाण्याची चाचणी बिघडली की पंपाचा दांडाच काढून ठेवतात, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून वसंतापर्यंत सगळेच पंप बंद. कचराकुंडी कुठेच नाही. नेलेलं सगळं परत आणायचं. हे वाचून भाऊजी म्हणाले, "मग सगळ्याच रात्री तंबूत काढू, वजन तर तेवढंच." त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. एका रात्रीसाठीही तंबू, गाद्या आणि स्लीपिंग बॅगा सातही दिवस वाहायच्याच होत्या. पण नवऱ्याने त्यांच्याकडे असं बघितलं की विषय तिथेच मिटला.

'सुटका' हा स्तंभ कशासाठी, असं दोघांनीही विचारलं. उत्तर साधं आहे. कुणाचा गुडघा गेला, कुणाला ताप आला, तर त्या ठिकाणाहून घरी कसं पोचायचं? कॉनेल्सव्हिल, कंबरलंड आणि हार्पर्स फेरीला रेल्वे थांबते. ब्रन्सविकपासून वॉशिंग्टनकडे लोकल आहे. सगळ्यात मोठी पोकळी कंबरलंड ते हॅन्कॉक, साठ मैल: गावं तुरळक, पॉ पॉ गावाच्या आसपास फोनला रेंज नाही म्हणावी इतकी कमी. त्या साठ मैलांसाठी मी कागदी नकाशा घेतला, दोन गाडीवाल्यांचे नंबर घेतले आणि अन्न एका दिवसाचं जास्त धरलं. वाटेवर मैलाचे खांब आहेत, त्यामुळे आपण नेमके कुठे पडलो हे सांगता येतं. फोन लागला तर.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही रंगीत तालीम केली. घराजवळच्या एका खडीच्या वाटेवर, पूर्ण सामान लादून, शनिवारी 40 मैल, रात्री तंबू, रविवारी 40 मैल. कुणी मला या सगळ्या आठ महिन्यांतली एकच गोष्ट ठेवायला सांगितली, तर मी ही ठेवेन. डांबरावर मी ताशी 13 मैलांनी जाते. खडीवर, सामानासकट, थांबे धरून, आमचा वेग निघाला सात. 67 मैलांना साडेनऊ तास. ऑक्टोबरच्या उजेडात ते बसलंच असतं, पण पाच दिवस रोज नाही.

त्या दोन दिवसांत नवऱ्याच्या मागच्या चाकाचा स्पोक तुटला. सायकल बारा वर्षांची, बॅगा सगळ्या मागे, आणि त्याचं सामान 22 किलो. 22 किलो! आम्ही ते रविवारी रात्री दिवाणखान्यात पसरलं. दुर्बीण समजू शकते. दोन पुस्तकं, पूर्ण आकाराचा टॉवेल, जीन्स, आणि एक पातेलं. मी हसले, मग माझी बॅग उघडली तर तीन जोड्या बूट निघाले. भाऊजींकडे सगळं मिळून नऊ किलो होतं, पण त्यात पंक्चरचं एकही साहित्य नव्हतं, कारण ते घराजवळ काही झालं तर बायकोला फोन करतात. वजन तेरा-चौदा किलोंवर आलं तेव्हा थांबलो. जुनं चाक बदललं, जास्त स्पोकचं घेतलं. अर्धं वजन पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना हलवलं, त्याबरोबर सायकल डुलायची थांबली. दोन जादा ट्यूब, एक टायरचा तुकडा, चेनची कडी, ब्रेक पॅड, स्पोक, आणि पंप: हे तिघांत मिळून एकदाच. फरक एवढाच की प्रत्येकाला ते कुणाच्या कुठल्या खिशात आहे ते पाठ हवं.

टायरबद्दल भाऊजींशी भांडण झालं, खरंखुरं. त्यांच्या सायकलीला 28 मिलिमीटरचे टायर. गॅपवर चालले असते. सी अँड ओच्या चिखलात नाही. मी 40 चे म्हणत होते. त्यांच्या सायकलीत 35 च्या वर जागाच नव्हती, आणि त्यावर मडगार्ड बसवले तर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये कागद सरकेल एवढीच फट. ती चिकणमाती अशा फटीत भरते आणि वाळून सिमेंट होते. चाक फिरायचंच थांबतं. शेवटी त्यांनी 35 चे टायर घातले, मडगार्ड काढले आणि पाठीवर चिखलाचा पट्टा मान्य केला.

दिव्याचं भांडण मात्र झालं नाही, कारण कालव्यावरच्या पॉ पॉ बोगद्याबद्दल मी दोघांना आधीच पुरेसं घाबरवलं होतं. 3,118 फूट लांब. 1836 मध्ये सुरू केला, दोन वर्षांत संपेल अशी अपेक्षा होती, वापरात आला 1850 मध्ये. आतून साठ लाखांहून अधिक विटा. आत एकही दिवा नाही. वाट अरुंद, ओबडधोबड, बाजूला लाकडी कठडा आणि त्यापलीकडे काळं पाणी. तिथे सायकल हातात धरून चालायचं, हे तक्त्यात लिहिलं होतं. बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी दरडींच्या कामासाठी वाट काही काळ बंद होती आणि लोकांना डोंगरावरून वळसा घालावा लागे, हेही माहीत होतं. म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात राष्ट्रीय उद्यान सेवेची 'बंद वाटा' ही यादी मी रोज सकाळी चहाबरोबर बघत होते. कालव्याच्या बाबतीत ही सवय लावून घ्यावी. पूर आला, झाड पडलं, बांध खचला की ते तिथे येतं.

आता प्रत्यक्ष प्रवासाचं थोडक्यात, कारण तक्ता कुठे टिकला आणि कुठे नाही हे सांगितल्याशिवाय नियोजनाची गोष्ट अर्धी राहते.

पहिल्या दिवशी 61 मैल फार झाले. मध्यरात्री झोपून सकाळी आठला निघालो होतो. पिट्सबर्गबाहेर पडताना वळणं चुकलो, आणि कॉनेल्सव्हिलला अंधार पडता पडता पोचलो. पुन्हा आखायचं झालं तर तो दिवस वेस्ट न्यूटनला, 36 मैलांवर संपवीन. दुसरा दिवस युकगेनी नदीच्या काठाने इतका सुरेख गेला की तक्ता उघडावाच लागला नाही. तिसऱ्या दिवशी सॅलिस्बरी वायाडक्टवरून, 1,908 फूट लांबीच्या पुलावरून, खालच्या दरीत शेतं आणि डोंगरांवर पवनचक्क्या बघत गेलो. डिव्हाइडला भाऊजींनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "वहिनी, आता उतार," आणि ते दिसेनासे झाले. ते आम्हाला पेनसिल्व्हेनिया आणि मेरिलंड यांच्या सीमेच्या, म्हणजे मेसन-डिक्सन रेषेच्या, दगडांवर बसून सफरचंद खाताना सापडले. बोगद्यात गार वारा अंगावर येतो, म्हणून विंडचीटर वरच्या खिशात ठेवा, तळाशी नाही. हे मला तक्त्यात लिहायचं सुचलं नव्हतं. कंबरलंडच्या अलीकडे आणखी एक बोगदा आहे, त्यातून सायकलवाटेशेजारून पर्यटकांची आगगाडीही जाते. तिचं वेळापत्रक मी लिहून ठेवलं होतं आणि आम्ही नेमके तिच्याच वेळेला तिथे पोचलो. बाहेर थांबून तिला जाऊ दिलं.

चौथ्या दिवशी पॉ पॉ. तिघेही एका ओळीत, सायकली धरून, कुणी बोललं नाही. मधे नवऱ्याने दिवा विझवून बघितला आणि लगेच लावला. संध्याकाळी मुक्कामाच्या जागी पोचलो तर पंपाला दांडा नव्हता. पण पंप दिसला की बाटल्या भरायच्या, तहान असो नसो, हा नियम तालमीतच ठरला होता. मागच्या जागी आम्ही नऊ लिटर भरून घेतलं होतं आणि त्या जादा वजनाबद्दल मला बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. त्या रात्री कुणी काही बोललं नाही. भाऊजींनी फक्त चहासाठी पाणी मोजून ओतलं.

पाचव्या दिवशी पहाटे चारला पाऊस सुरू झाला. कालव्याची वाट सकाळपर्यंत खीर झाली होती. तक्त्यात त्या ओळीपुढे मी एक पर्याय लिहिला होता: वेस्टर्न मेरिलंड रेल ट्रेल. कालव्याला समांतर, डांबरी, लिटल ऑर्लीन्सपासून हॅन्कॉकवरून बिग पूलपर्यंत 28 मैल. ओले तंबू कॅरिअरला बांधले आणि डांबराला लागलो. त्या दिवसाचे 41 पैकी फक्त शेवटचे तेरा-चौदा मैल चिखलातले उरले. तेवढ्यातही भाऊजींचं चाक दोनदा काडीने खरवडावं लागलं, मडगार्ड नसताना. विल्यम्सपोर्टला लॉजवाल्या बाईंनी आम्हाला दारातच थांबवलं आणि अंगणातला पाण्याचा पाइप दाखवला. आधी सायकली, मग आम्ही.

हार्पर्स फेरीचे दोन तास चार झाले, आणि जिना मी तीनदा चढले, कारण पाकीट खाली राहिलं. ब्रन्सविकला उशिरा पोचलो, पण जागा राखलेली होती.

शेवटचे 55 मैल मी तक्त्यात 'सोपे' असं लिहिलं होतं. मोनोकसी नदीवरचा सात कमानींचा जलसेतू, मग ग्रेट फॉल्स, आणि तिथून पुढे रविवारची गर्दी: लहान मुलं, कुत्री, धावणारे लोक. सहा दिवसांत जेवढी माणसं भेटली नव्हती तेवढी दर मैलाला. वेग ताशी पाचवर आला. जॉर्जटाउनला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते, आणि भाऊजींनी विचारलं, "वहिनी, शून्याचा दगड कुठाय?"

मी फोन काढला. शेवटच्या ओळीत 'झोप' रिकामा, 'पाणी' रिकामा, 'सुटका' रिकामा, आणि मैलांपुढे 0. बाकी काही लिहिलंच नव्हतं. शेवट आपोआप दिसेल असं मी धरलं होतं. कालवा घरांमागे गेला, रस्ते आडवे आले, रॉक क्रीकच्या काठाने आम्ही दोनदा पुढे गेलो, दोनदा मागे आलो. नवरा पुलाखाली एका बगळ्यासाठी थांबला. चाळीस मिनिटांनी एका नाव वल्हवणाऱ्या मुलीने हात केला: बोटहाउसच्या मागे, पाण्याच्या कडेला. दगड गुडघ्याएवढा आहे. त्याला सायकल टेकवून फोटो काढायला गेलो तर माझ्या फोनची बॅटरी संपली, आणि जादा बॅटरी कुणाच्या कुठल्या खिशात आहे ते तिघांपैकी कुणालाच आठवेना.